रानातला कायदा (भाग सहावा) : पाखरं मारायचा परवाना

गेल्या आठवड्यात रानडुक्कर आणि रोही यांच्या परवान्यावर लिहिलं. त्यानंतर औसा, निलंगा, चाकूर या बाजूंनी फोन आले, त्यांचा सूर एकच होता. औशाकडच्या एका काकांनी तर रामराम घालायच्या आधीच विचारलं, “डुकराचं लिवलं ते बरं केलं. पण राघूचं काय? ज्वारी निम्मी त्याच्याच पोटात जायली. ह्याचा बी परवाना भेटतो का?”

भेटतो. निदान कायद्याच्या पुस्तकात तशी सोय आहे. मात्र तो काढून ज्याने ज्वारी वाचवली, असा शेतकरी मला अजून भेटायचा आहे. असं का, हे कळण्यासाठी कावळ्यापासून सुरुवात करू.

३१ मार्च २०२३ पर्यंत कावळा कायद्याच्या लेखी उंदीर, घुशी आणि फळं खाणारी वटवाघळं यांच्या पंक्तीला होता. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये प्राण्या-पक्ष्यांच्या अनुसूची होत्या आणि त्यांतली पाचवी होती उपद्रवींची. तिच्यात ज्याचं नाव, त्याला कुणीही, केव्हाही मारावं. परवाना नको, विचारणा नको. बाकीच्या प्राण्यांसाठी १९७२ च्या मूळ कायद्यात शिकारीचे परवानेच ठेवलेले होते: विशेष शिकारीचा, मोठ्या शिकारीचा, छोट्या शिकारीचा आणि सापळे लावून पकडण्याचा वेगळा. १९९१ च्या दुरुस्तीने ही परवाना पद्धतच मोडीत काढली आणि शिकार सरसकट बंद झाली. पाचवी अनुसूची मात्र तशीच राहिली, आणि तिच्यात कावळाही.

डिसेंबर २०२२ मध्ये संसदेने या कायद्यात मोठी दुरुस्ती केली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. सहाच्या चार अनुसूची झाल्या. पहिल्या दोन प्राण्या-पक्ष्यांच्या, तिसरी वनस्पतींची, चौथी आंतरराष्ट्रीय व्यापाराशी संबंधित जातींची. उपद्रवींची पाचवी अनुसूची गेलीच. कावळा उठून दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षितांमध्ये जाऊन बसला. आता एखाद्या जातीला उपद्रवी ठरवायचं असेल तर केंद्र सरकारने कलम ६२ खाली अधिसूचना काढायची, तीही दुसऱ्या अनुसूचीतल्याच प्राण्याबद्दल, ठरावीक भागापुरती आणि ठरावीक मुदतीपुरती.

म्हणजे आपली जुनी पाचवी अनुसूची हा एक बिनअर्जाचा परवानाच होता. इंग्लंडमध्ये तसला परवाना अजूनही निघतो. तिथे सगळे रानपक्षी कायद्याने संरक्षित आहेत, पण पिकं आणि कोकरं वाचवण्यासाठी कावळा, मॅगपाय, रानकबुतर अशा जातींबाबत सरकार सर्वांसाठी मिळून एकच परवाना काढतं. अर्ज नाही, फी नाही. अटी पाळल्या की झालं. २०१९ मध्ये ‘वाइल्ड जस्टिस’ या संस्थेने त्याला आव्हान दिलं. तिचं म्हणणं सरळ होतं: या १६ जातींकडून खरोखर नुकसान होतं का, मारण्याआधी दुसरा उपाय करून पाहिला का, हे परवाना देणाऱ्याने तपासलंच नाही. ‘नॅचरल इंग्लंड’ या सरकारी यंत्रणेला माघार घ्यावी लागली आणि २५ एप्रिल २०१९ ला ते परवाने रद्द झाले. शेतकऱ्यांना जेमतेम दीड दिवस आधी कळलं, तेही ऐन वसंतातल्या हंगामात. केवढा भडका उडाला! संस्थेच्या संस्थापकांपैकी एक, दूरचित्रवाणीवरचे निसर्ग-निवेदक ख्रिस पॅकहॅम, यांच्या घराच्या फाटकाला कुणीतरी मेलेले कावळे टांगून गेलं. पुढे नव्या, अधिक कडक अटींचे परवाने आले.

आपल्याकडे कावळ्याची अनुसूची बदलली तेव्हा कुठल्या फाटकाला काही टांगलं गेलं नाही. बदल झाल्याचंच फारसं कुणाला कळलं नाही. कावळ्याकडे लातूर जिल्ह्याचं लक्ष गेलं ते जानेवारी २०२५ मध्ये, उदगीरला. शहरात कावळे पटापट मरून पडू लागले. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि बर्ड फ्लूचं निदान झालं. प्रशासनाने दहा किलोमीटरचा परिसर सतर्कता क्षेत्र म्हणून जाहीर केला, कुक्कुटपालकांची धावपळ सुरू झाली. २०२१ च्या जानेवारीत अहमदपूर तालुक्यातल्या केंद्रेवाडीत बर्ड फ्लूने आधी कोंबड्या मेल्या होत्या. या खेपेला पहिली वर्दी कावळ्यांनी दिली. उकिरड्यावर आणि मेलेल्या जनावरावर जगणारं हे पाखरू रोगाच्या वाटेत सगळ्यांत पुढे उभं असतं. त्याला उंदरांच्या यादीतून काढलं ते योग्यच झालं, असं माझं मत आहे. (परमुलखात याच आपल्या कावळ्याची कथा निराळी आहे. केनियाच्या किनाऱ्यावर तो परका आणि तिथल्या पाखरांचा काळ ठरला. २०२४ मध्ये तिथल्या सरकारने दहा लाख भारतीय कावळे मारायचं जाहीर केलं आणि त्यासाठी विष आयात करायला परवानाही दिला.)

आता काकांचा राघू. तो दुसऱ्या अनुसूचीत आहे. ठिपकेवाली मुनिया आणि सुगरणही तिथेच. या अनुसूचीतला प्राणी मारला तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. घरच्या पिंजऱ्यात हौसेने पाळलेला राघूही याच कायद्यात येतो, हे शहरातल्या वाचकांनी जाता जाता लक्षात ठेवावं.

सवलत आहे ती कलम ११ मध्ये. दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका झाला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणं नोंदवून, लेखी आदेशाने त्याच्या शिकारीची परवानगी देऊ शकतो. मालमत्तेत उभं पीक धरलेलं आहे. कायद्याने शेतकऱ्याला वाऱ्यावर सोडलेलं नाही, हे कबूल करायला हवं. पण गेल्या भागात पाहिलेली वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडून झटपट परवानगीची सोय महाराष्ट्राने केली ती रानडुक्कर आणि रोही यांच्यापुरती. पाखरांचा रस्ता लांबचा. राघूंचा थवा उजाडता येतो, घटकाभर कणसं कातरतो आणि उन्हं वर यायच्या आत दुसऱ्या शिवारात. अर्ज, पाहणी, लेखी कारणं, आदेश एवढं होईतो ज्वारी खळ्यावर आलेली असते. आणि आदेश हाती पडला तरी कोणता राघू मारणार? आज आलेला थवा उद्याचाच असतो असं कुठे आहे?

इथे एक गोंधळ नेहमी होतो. शेतीसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मिळतो, हे अनेकांना माहीत असतं. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीची वेगळी तरतूद आहे. कोकणात अशा बंदुका आजही घराघरांत आहेत आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा होतात. पण हा परवाना बंदूक बाळगण्याचा. तिने काय मारावं ते वन खातं ठरवतं. हे दोन कागद वेगळे. पहिला आहे म्हणून दुसरा गृहीत धरला की पंचनामा शेतकऱ्यावरच होतो.

शिकार म्हणजे बंदूकच, असंही नाही. विष घालणं, फास लावणं, सापळ्यात वा जाळ्यात धरणं आणि या प्रत्येकाचा नुसता प्रयत्न, सगळं शिकारच. पाखरांच्या बाबतीत अंडी फोडणं, घरट्याला धक्का लावणंही शिकार. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबत असतात. बांधालगतच्या ज्वारीवर तिचा डोळा म्हणून कुणी काठीने ते पाडले, तर तोही या व्याख्येत सापडतो. ओरडणं, डबा बडवणं, बुजगावणं उभारणं याला मात्र कुणाची परवानगी लागत नाही.

मोराचं दार तर पक्कं बंद आहे. तो पहिल्या अनुसूचीत. तिथल्या प्राण्याला मारायची परवानगी फक्त माणसाच्या जिवाला धोका असेल किंवा तो प्राणी बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असेल, तरच. पिकाचं नाव तिथे नाही. पेरलेल्या भुईमुगाचे दाणे उकरून खाल्ले, हरभऱ्याचे शेंडे खुडले, तरी कायदा मोराच्या बाजूने. फेब्रुवारी २०१६ मध्ये गोव्याचे तेव्हाचे कृषिमंत्री रमेश तवडकर यांनी माकड, रानडुक्कर, गवा यांच्यासोबत मोरालाही उपद्रवी ठरवायचा विचार विधानसभेत मांडला. देशभर गदारोळ झाला. खरं तर गदारोळाची गरज नव्हती. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याला उपद्रवी ठरवायचा अधिकार त्या वेळीही कायद्याने केंद्रालासुद्धा दिलेला नव्हता. तरी प्रश्न खोटा नव्हता. २०२३ च्या देशव्यापी पक्षी अहवालात मोर भरभराटीत असलेल्या जातींत आहे. आणि बियाण्याला जहाल औषध चोळून पेरणाऱ्याच्या रानात मोर मेले, तर गाठ पडते ती किमान तीन आणि कमाल सात वर्षांच्या कैदेशी.

मग आमचे आजे-पणजे काय करायचे? राखण करायचे. ज्वारी निसवली की रानात चार मेढींवर माळा उभा राहायचा. दाणा दुधात असताना मुनिया कणसावर बसून तो चिमटून पिळते; हुरड्यात आला की राघू येतो, खातो थोडं आणि कातरून टाकतो जास्त. म्हणून झुंजूमुंजू व्हायच्या आत माळ्यावर पोचावं लागे. हातात गोफण, जवळ उन्हात वाळवलेल्या मातीच्या गुंड्यांचा ढीग. गोफण डोक्याभोवती दोनदा फिरवून एक पदर सोडला की फटकारा उठतो. पाखरू उडतं ते बहुधा त्या आवाजानेच. हे काम मुलांचं आणि म्हाताऱ्यांचं. आता पोरं शाळेत, तीच बरी. म्हाताऱ्यांचे गुडघे माळ्यावर चढू देत नाहीत आणि पाखरं राखायला मजूर लावावा तर ज्वारीच्या भावात ती मजुरी बसत नाही.

त्याहून मोठं कारण पीकपद्धतीत आहे. एके काळी शिवारभर ज्वारी असायची. थवे यायचे, पण नुकसान सगळ्या शिवारात वाटून जायचं. आज लातूर जिल्हा सोयाबीनचा. मग ज्याने भाकरीपुरती आणि कडब्यापुरती एकर-दोन एकर ज्वारी ठेवली, त्याच्या एकट्याच्या रानात साऱ्या पंचक्रोशीची पाखरं उतरतात. त्याला वाटतं पाखरं वाढली. पाखरं कदाचित तेवढीच असतील, त्यांचं ताट लहान झालंय. सूर्यफुलाचंही तेच. लातूरच्या गळीतधान्य संशोधन केंद्रातून सूर्यफुलाचे वाण बाहेर पडले. आज जिल्ह्यात सूर्यफूल शोधावं लागतं, आणि का सोडलं विचारलं की भावाच्या बरोबरीने राघूचं नाव येतं.

उपाय म्हणून भारतीय कृषी संशोधन परिषदेचा पक्ष्यांवरचा प्रकल्प १९८२ मध्ये सुरू झाला. त्याचा सल्ला असा. एका अंगाने लाल, दुसऱ्या अंगाने चंदेरी अशी चमकती फीत पिकावर ताणून बांधायची. कडेच्या मक्याची कणसं पानांनी गुंडाळायची. बांधाने चाऱ्याच्या दाट ओळी घ्यायच्या. फीत वाऱ्यावर झळकते, फरफरते, पाखरं बिचकतात आणि काही दिवसांनी सरावतात. म्हणून ती अगदी दाणा भरायच्या वेळी बांधावी, आधी नको. पाखरं उडवायला पाइपची कार्बाइड बंदूक मात्र हातात धरू नका. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात तिने कितीतरी मुलांचे डोळे घेतले.

भोरड्यांबद्दल दोन शब्द सांगायचा मोह होतो. हिवाळ्यात रब्बी ज्वारीवर काळ्या-गुलाबी थव्यांनी कोसळणारं हे पाखरू मध्य आशियाकडून येतं. तिकडे विणीच्या दिवसांत ते टोळांवर तुटून पडतं. चीनच्या शिनजियांग प्रांतात तर टोळ आवरण्यासाठी सरकार त्याला घरटी बांधून देतं. आपल्याकडेही ज्वारी निघाल्यावर ते नुसतं बसत नाही, किडे टिपतं. मारायचा परवाना मागताना हा हिशेब कुणी मांडत नाही.

त्यामुळे काकांना माझं उत्तर असं की परवान्याच्या मागे लागू नका. मागायची ती भरपाई. राज्याच्या शासन निर्णयांत पीकनुकसानीसाठी रानडुक्कर, हरीण, रोही, माकड, रानगवा, हत्ती अशी नावं आली. पाखरांचा त्यांत समावेश झाला नाही. जे पाखरू मारायला सरकार मनाई करतं, त्याने खाल्लेल्या पिकाचे पैसे सरकारने द्यावेत, ही मागणी सरळ न्यायाची आहे. दरवाजा थोडा किलकिला झालाही आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने जाहीर केलं की पंतप्रधान पीक विमा योजनेत वन्यप्राण्यांमुळे होणारं नुकसान खरीप २०२६ पासून धरलं जाईल. शेतकऱ्याने ७२ तासांच्या आत पीक विमा ॲपवर जागेच्या नोंदीसह फोटो टाकून कळवायचं. पण कोणते प्राणी धरायचे, त्याची यादी ज्या त्या राज्याने अधिसूचित करायची आहे.

तेव्हा ग्रामसभेत ठराव घ्या आणि त्यात नावं लिहा: राघू, मोर, भोरडी. कोणत्या गटात, कोणत्या पिकाचं, किती नुकसान झालं तेही लिहा. ठरावाची एक प्रत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्या, एक वनपरिक्षेत्र कार्यालयात, आणि पोच घ्यायला विसरू नका. पुढच्या आठवड्यात माकडं.