ट्रॉलीचा हिसका कुठून येतो?

गळीत हंगाम ऐन भरात असला की संध्याकाळी कारखान्याच्या आवारात उसाच्या वाहनांची रांग लागते. अशाच एका रांगेत आम्ही ट्रॉल्यांचे जोड बघत चाललो होतो. एका ठिकाणी पाय थबकले. पुढच्या आणि मागच्या ट्रॉलीच्या जोडात पिनच नव्हती. तिच्या जागी बांधकामाच्या सळईचा वाकवलेला तुकडा!

"काय रे बाळा, पिन कुठंय?"

"पडली वाटेत, अण्णा. दोन खेपा ह्याच्यावरच आणल्या. जरा हिसकं देतीय, पण चालतंय की!"

हे "चालतंय की" आम्हाला काही पचलं नाही. म्हणून हे चार शब्द.

सभासद बंधूंनो, हिसका बसतो तो बहुतेक वेळा रस्त्यामुळे नव्हे, फटीमुळे. पिन झिजते, दांडीचे भोक लांबट होते आणि दोहोंत दोन सूत जागा पडते. ट्रॅक्टर निघाला की आधी ती मोकळी जागा संपते आणि मग मागचा बोजा एकदम अडतो. हा घणाचा घाव असतो. गॅस सोडला की बोजा पुढे येऊन उलटा घाव घालतो. दोन ट्रॉल्या म्हणजे दोन जोड, दोन फटी. प्रत्येक घावाने भोक आणखी मोठे होते, वेल्डिंगला चीर जाते, आणि चालकाच्या कमरेचे जे व्हायचे ते होतेच. यावर उपाय साधा आहे. भोकात नवा बुश बसवावा, त्याच्या मापाची डोक्याची पिन घ्यावी आणि खाली क्लिप लावावी. सळई मऊ असते, वाकते आणि वर उडून निघते. दांडीखालून दोन साखळ्या फुलीसारख्या बांधल्या तर पिन निसटली तरी दांडी रस्त्यात रुतत नाही.

आता हूक कुठे लावता ते बघा. चढावर ओढ कमी पडली की काही जण दांडी वरच्या भोकात, तर काही थेट टॉपलिंकच्या जागी अडकवतात. हा खेळ जिवाशी आहे. ओढ मागच्या आसाच्या वर गेली की ट्रॅक्टरचे नाक उचलते, आणि एकदा उचलले की क्लच दाबायला एक सेकंदही मिळेलच असे नाही. ओढ नेहमी आसाच्या खालून, ड्रॉबारवरूनच असावी.

दोनचाकी ट्रॉलीत आणखी एक गोम आहे. ज्यांनी बैलगाडी हाकली त्यांना ती सांगायला नको. गाडी मागे जड झाली की उलाळ होते, पुढे जड झाली की जोखडावर भार येतो आणि बैल दमतात. इथे बैलाच्या जागी ट्रॅक्टर आहे, एवढाच फरक. मोळ्या मागे जास्त रचल्या तर दांडी वर उचलते, मागच्या चाकांची पकड जाते आणि सगळी गाडी डुलते. फार पुढे रचल्या तर पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग ऐकत नाही. थोडा भार हुकावर हवा, पण थोडाच.

चारचाकी ट्रॉलीत हुकावर भार येत नाही. तिथे दुखणे टर्नटेबलचे. लांब ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकच्या पाठीवर ग्रीस माखलेले ताट असते, त्याला 'फिफ्थ व्हील', म्हणजे पाचवे चाक म्हणतात. हे नाव घोडागाडीच्या काळातले. चारचाकी गाडीचा पुढचा आस वळावा म्हणून त्यावर आडवे लोखंडी कडे बसवत, तेच पाचवे चाक! आपले टर्नटेबल त्याचेच भावंड. ते कोरडे पडले की आस मोकळा वळत नाही, दांडी डावी-उजवी हिसडते आणि पुढचे टायर घासतात. कडे स्वच्छ करून ग्रीस भरा, मधला बोल्ट हलतो का पाहा.

मागची ट्रॉली सापासारखी वळवळत असेल तर सुतळी घ्या. टर्नटेबलच्या मधल्या बोल्टापासून मागच्या आसाच्या दोन्ही टोकांपर्यंत माप घ्या. फरक आला तर आस सरकला. यू-बोल्ट ढिले झाले असतील, नाहीतर पाट्यांचा मधला बोल्ट तुटला असेल. दोन्ही बाजूंच्या टायरांत हवा सारखी हवी, हेही लोक विसरतात.

उताराचे वेगळे सांगायला हवे. ट्रॅक्टर दोन-अडीच टनांचा, मागे पंधरा-वीस टन, आणि ट्रॉल्यांना बहुतेक वेळा ब्रेकच नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल केले की मागचा बोजा मालक होतो. चढायला जो गिअर लागला असता, त्याच गिअरमध्ये उतरावे, आणि गिअर उताराच्या माथ्यावरच टाकावा.

आणि जोडणी करताना? चालक मागे घेतोय, पोरगा मध्ये उभा राहून दांडी धरतोय, हे चित्र आम्ही प्रत्येक हंगामात पाहतो. पाय क्लचवरून घसरला तर तो पोरगा कुठे जाणार? ट्रॅक्टर पूर्ण थांबवा, ब्रेक लावा, ट्रॉलीच्या चाकाला दगड द्या, मगच माणूस मध्ये जाऊ द्या.

त्या सळईवाल्या गाडीला आम्ही रांगेतून बाजूला घ्यायला लावले. शेजारच्या चालकाने पेटीतली जादा पिन आणि क्लिप काढून दिली. ट्रॉल्या खाली करून परतताना तो आमच्यापाशी थांबला. म्हणाला, "हिसका नाही आता. पण अण्णा, पिन त्याची परत द्यावी लागंल. अशी चांगली कुठं मिळती?"