कार्डिओमेम्स : फुप्फुसाच्या धमनीतला बिनबॅटरीचा दाबमापक

कार्डिओमेम्स हा फुप्फुसाच्या धमनीत कायमचा बसवला जाणारा, रक्तदाब मोजणारा सेन्सर आहे. तो हार्ट फेल्युअरच्या रुग्णांसाठी वापरतात. हृदयाची ताकद कमी पडली की रक्त मागे तुंबते आणि फुप्फुसातला दाब चढू लागतो. पायांवर सूज येते, वजन वाढते, आडवे झाल्यावर दम लागतो. पण तोवर दाब वाढून कित्येक दिवस, कधी काही आठवडे उलटलेले असतात. दंडाला पट्टा बांधून ही वाढ कळत नाही. पूर्वी ती मोजायला दर वेळी हृदयात कॅथेटर घालावा लागे.

सेन्सरची लांबी १५ मिमी, रुंदी सुमारे साडेतीन मिमी आणि जाडी २ मिमी. सिलिकाच्या बंद कुपीत तारेचे वेटोळे आणि एक कपॅसिटर असतो. दाब वाढला की कुपीची भिंत किंचित आत दबते, कपॅसिटरच्या पट्ट्या जवळ येतात आणि या मंडलाची स्वाभाविक कंप्रता उतरते. सतारीची मुख्य तार छेडली की तरफा आपोआप झंकारतात, तसे हे मंडल बाहेरून सोडलेल्या रेडिओ लहरींना साद देते. त्यामुळे बॅटरीची गरज पडत नाही आणि ती बदलण्याचा प्रश्नही उरत नाही.

सेन्सर जांघेतल्या शिरेतून, हृदयाच्या उजव्या बाजूने धमनीच्या शाखेत नेतात. दोन्ही टोकांच्या नायटिनॉल तारेच्या कड्या उलगडून त्याला जागेवर धरून ठेवतात. घरी रुग्ण अँटेना बसवलेल्या उशीवर पडून बटण दाबतो. १८ सेकंदांत नोंद होते आणि दवाखान्यात पोचते. दाब चढता दिसला की डॉक्टर बहुधा लघवीच्या गोळीची मात्रा वाढवतात, फार उतरला तर कमी करतात. बसवताना कॅथेटरने मोजलेला प्रवाह आधाराला घेऊन दाबलहरीच्या आकारावरून हृदय मिनिटाला किती रक्त फेकते, याचाही अंदाज बांधता येतो.

या तंत्राचे मूळ जॉर्जिया टेकमधील मार्क अ‍ॅलन यांच्या संशोधनात आहे. टर्बाइन इंजिनांच्या प्रखर उष्णतेत टिकतील असे बिनतारी सेन्सर ते घडवत होते. हृदयरोगतज्ज्ञ जय यादव यांच्यासह त्यांनी २००१मध्ये अटलांटात कंपनी काढली. तिचा पहिला सेन्सर महाधमनीच्या फुगवट्यासाठी होता.

‘चॅम्पियन’ या चाचणीत ५५० रुग्णांना सेन्सर बसवला गेला, पण डॉक्टरांना आकडे दिसले ते २७० जणांचेच. लॅन्सेटमध्ये २०११ साली निष्कर्ष छापून आले : सरासरी १५ महिन्यांत या गटातील हार्ट फेल्युअरमुळे दाखल होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी होते. चाचणीतील परिचारिकांनी डॉक्टरांना दिलेल्या सल्ल्याचा निकालावर परिणाम झाला असावा, या शंकेने अमेरिकेतील मंजुरी लांबली. ती २०१४मध्ये मिळाली. सध्या हे उपकरण अ‍ॅबटकडे आहे.

दोन्ही गटांच्या शरीरात सेन्सर सारखाच होता. फरक पडला तो आकडा पाहून वेळेत बदललेल्या औषधांनी. म्हणून सेन्सरइतकीच, रोजची नोंद वाचून रुग्णाला कळवणारी माणसेही या उपचारात आवश्यक असतात.