अध्यापकशाळा आणि विद्यापीठ

विद्यापीठ म्हटले म्हणजे आमच्या सुशिक्षित कुटुंबांच्या डोळ्यांपुढे पदवीदान समारंभ, ग्रंथालय व प्रयोगशाळा उभ्या राहतात; शिक्षक घडविणारी शाळा सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. वास्तविक कित्येक विद्यापीठांचे बीज अशाच शाळेत सापडते. अमेरिकेत लॉस अँजेलिस येथे १८८२ साली शिक्षक तयार करणारी सरकारी शाळा उघडली. १९१९ साली ती कॅलिफोर्निया विद्यापीठाची दक्षिण शाखा झाली आणि आज जगातील नामांकित विद्यापीठांत तिची गणना होते.

आपल्याकडे महर्षि धोंडो केशव कर्वे यांनी क्रम उलटा धरिला. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापिले व पुढच्याच वर्षी प्राथमिक शिक्षिकांसाठी अध्यापिकाशाळा काढली. पाया मजबूत नसेल तर कळस कशावर चढवावयाचा? १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लक्ष रुपयांची देणगी देऊ केली, आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचे नाव विद्यापीठास मिळाले. कायद्याची मान्यता यावयास मात्र १९५१ साल उजाडले. मुंबईतील १९०६ सालचे माध्यमिक शिक्षकांचे सरकारी अध्यापक महाविद्यालयही २०१९ साली एल्फिन्स्टन, सिडनहॅम व विज्ञान संस्था यांच्या जोडीने डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात सामील झाले.

ही वाढ स्वागतार्हच होय. परंतु विद्यापीठ मोठे झाले की अध्यापनाचे शिक्षण त्यातील एक लहानसा, दुर्लक्षित विभाग होऊन राहील, हे भय आम्हांस वाटते. त्याचे परिणाम शहरापेक्षा नंदुरबार जिल्ह्यातील धानोऱ्यासारख्या गावी अधिक जाणवतील. या जिल्ह्यात पुष्कळ मुले घरी भिली, मावची वा पावरी बोलतात. क्रमिक पुस्तकाची मराठी त्यांस नवीनच असते. घरची भाषा व शाळेची भाषा यांमध्ये पूल बांधण्याचे काम कुशल शिक्षकावाचून दुसरा कोण करणार? या भागासाठी १९९० साली जळगावास विद्यापीठ झाले. त्यास २०१८ साली बहिणाबाई चौधरींचे नाव देण्यात आले. स्वतः निरक्षर असलेल्या कवयित्रीचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाने बोलीची थोरवी विसरून कसे चालेल?

आमच्या वाचकांस एवढेच सुचवावेसे वाटते की, घरातील हुशार मुलाने वा मुलीने शिक्षक होण्याची इच्छा दर्शविली, तर 'याहून मोठे काही नाही का?' असे विचारू नये. त्या कामावरच विद्यापीठे उभी आहेत.