मार्जिन, पोझिशन आणि नको तिथली मोकळी जागा

सीएसएसमध्ये प्रत्येक घटक ही एक चौकट असते. आत मजकूर किंवा चित्र, त्याभोवती पॅडिंग, मग बॉर्डर आणि सर्वांत बाहेर मार्जिन. पानावर नको तिथे जागा दिसली की दोष मार्जिनला दिला जातो, पण ती जागा बरेचदा दुसऱ्याच कशाची तरी असते. उदाहरणासाठी मुचकुंदी नदीच्या मुखाशी उभ्या असलेल्या पूर्णगड किल्ल्याची माहिती देणारे साधे पान पुरेसे आहे: रंगीत पट्टीत शीर्षक, खाली फोटो, फोटोओळ आणि काही परिच्छेद.

पहिला गैरसमज असा की मार्जिन लिहिले नाही म्हणजे ते शून्यच असते. ब्राउझर स्वतःची मापे लावतोच. बॉडीला चारही बाजूंनी ८ पिक्सेल आणि परिच्छेदाच्या वर-खाली अक्षराच्या आकाराएवढे मार्जिन मिळते. रंगीत पट्टी कडेला भिडत नाही, ती या ८ पिक्सेलांमुळे.

एकाखाली एक आलेल्या मार्जिनांची बेरीज होते, हा समज सर्वांत जास्त छळतो. शीर्षकाखाली ३० आणि परिच्छेदावर २० पिक्सेल दिले, तर अंतर ५० नव्हे, ३० पडते. मोठे मार्जिन टिकते, लहान त्यात विरते. डावी-उजवी मार्जिने मात्र कधीच अशी विरत नाहीत. पट्टी आणि तिच्यातले शीर्षक यांची वरची मार्जिनेही अशीच एकमेकांत विरतात. शीर्षकाला वरून ४० पिक्सेल मार्जिन दिले की पट्टीच्या आत जागा वाढत नाही, सबंध पट्टीच खाली सरकते. पट्टीला वरून पॅडिंग दिले किंवा तिचा डिस्प्ले फ्लो-रूट केला की प्रश्न मिटतो. फ्लेक्स आणि ग्रिडमधल्या घटकांची मार्जिने एकमेकांत विरत नाहीत, म्हणून तिथे तीच मापे वेगळी दिसतात.

फोटो आणि त्याच्या चौकटीच्या खालच्या कडेमध्ये उरणारी बारीक फट मार्जिनची नसते. चित्र मूळचे इनलाइन, म्हणजे ओळीतल्या अक्षरासारखे बसते आणि त्याखाली ओळीची जागा उरते. डिस्प्ले ब्लॉक केला की फट जाते. उणे मार्जिन देऊन ती झाकणे म्हणजे निव्वळ मलमपट्टी.

पोझिशन ॲब्सोल्यूट म्हणजे पानाच्या कोपऱ्यापासूनचे माप, हेही खरे नाही. माप मोजले जाते ते स्टॅटिकखेरीज दुसरी पोझिशन असलेल्या सर्वांत जवळच्या बाहेरच्या घटकापासून. फोटोवर किल्ल्याच्या नावाची पाटी हवी असेल तर फोटोच्या चौकटीला पोझिशन रिलेटिव्ह द्यावी लागते, नाहीतर पाटी थेट पानाच्या टोकाला जाऊन बसते. ॲब्सोल्यूट घटकाची मूळ जागा मोकळी होऊन पुढचा मजकूर तिथे सरकतो. रिलेटिव्हमध्ये ती राखून ठेवली जाते.

टक्क्यांत दिलेले वरचे-खालचे मार्जिन उंचीवर नव्हे, बाहेरच्या चौकटीच्या रुंदीवर ठरते.

शंका आली की एफ-१२ दाबून घटक तपासावा. क्रोममध्ये मार्जिन नारिंगी आणि पॅडिंग हिरवे दिसते.

मराठी पानांवर एक घोटाळा खास आढळतो. ‘पूर्णगड’ या शब्दात खाली दीर्घ उकार आहे आणि वर रफार. लाइन-हाइट १ ठेवली तर दोन ओळींच्या शीर्षकात उकार आणि रफार एकमेकांना भिडतात, आणि ओव्हरफ्लो हिडन असेल तर कापलेही जातात. तिथे मार्जिन कितीही वाढवले तरी ओळींमधले अंतर बदलत नाही. लाइन-हाइटच वाढवावी लागते.