आठव्या हिश्शाचे डिझेल इंजिन

अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या इलेक्ट्रो-मोटिव्ह विभागाने १९४९ ते १९५३ या काळात एफ-७ नावाचे डिझेल इंजिन बनवले. सुमारे साडेपंधरा मीटर लांब, शंभर टनांहून जड आणि १५०० अश्वशक्तीचे हे धूड होते. त्याची एक-अष्टमांश प्रतिकृती उंचीला माणसाच्या गुडघ्याच्या थोडी वर येते. लांबी मात्र जवळजवळ दोन मीटर भरते, आणि मागे माणसे बसलेले डबे जोडले तर ती ते खरोखर ओढून नेते. या इंजिनाचे नाक, बाजू आणि छप्पर पुष्कळदा पत्र्याचे नसतेच. ते असते फायबरग्लासचे, म्हणजे काचेचे बारीक धागे आणि रेझिन यांचे.

आकार लहान करण्याचे गणित मोठे विलक्षण आहे. लांबी आठपट घटली की पृष्ठफळ ६४ पट आणि वजन ५१२ पट घटते. १०४ टनांच्या एफ-७ला या हिशेबाने भागले तर २०० किलोच्या आसपास वजन येते, आणि ते चाकांना रुळांवर पकड मिळण्याइतके पुरेसे असते. वेगही त्याच प्रमाणात धरला, तर ताशी १०० किलोमीटरचे साडेबारा किलोमीटर होतात. कमी होत नाही तो फक्त माणूस. डब्यावर बसलेला ७० किलोचा प्रवासी या छोट्या इंजिनाच्या दृष्टीने जवळजवळ ३६ टनांचा बोजा असतो. दहा माणसे बसली की त्याच्या मागे साडेतीनशे टनांची गाडी लागली म्हणायची.

रुळांचे गेजही ठरलेले आहे. अमेरिकेच्या बऱ्याच भागांत दोन रुळांमध्ये साडेसात इंच, म्हणजे १९०.५ मिलिमीटर अंतर ठेवतात. ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेच्या ईशान्य भागात ते सव्वासात इंच, म्हणजे १८४ मिलिमीटर असते. खऱ्या स्टँडर्ड गेजचे १४३५ मिलिमीटर आठाने भागले तर १७९ येतात. त्यामुळे आठव्या हिश्शाचे इंजिन साडेसात इंची रुळांवर किंचित फाकून उभे राहते. ज्यांना हा फरक खटकतो ते साडेसातवा हिस्सा धरतात. मग हिशेब १९१ मिलिमीटरवर येतो आणि गेज जवळजवळ तंतोतंत जुळते.

फायबरग्लास का, याचे उत्तर एफ-७च्या नाकात आहे. एफ-७च्या घराण्याचे पहिले मोठे इंजिन म्हणजे १९३९ सालचे एफटी. १०३ क्रमांकाचे ते प्रात्यक्षिक इंजिन देशभर ८३,७६४ मैल फिरले आणि वाफेच्या इंजिनांचे दिवस भरत आल्याची खात्री रेल्वे कंपन्यांना पटली. या घराण्याचे गोलसर, पुढे आलेले नाक एकाच वेळी दोन्ही दिशांना वळते. पत्रा एका दिशेने सहज वाकतो. दोन दिशांना वाकवायचा तर तो ठोकून ताणावा लागतो, नाहीतर तुकडे जोडून, वेल्ड करून, घासून सारखा करावा लागतो. घरच्या वर्कशॉपमध्ये हे काम एखाद्याला एकदा जमेल, पण हुबेहूब तसेच दुसऱ्यांदा जमवणे फार कठीण. फायबरला ही अडचण नाही. ओले रेझिन साच्यात जिथे नेऊ तिथे जाते आणि साचा जसा वळेल तसे घट्ट होते. जीपी-९ किंवा एसडी-४०-२ यांसारख्या चौकोनी इंजिनांना सपाट पत्रा चांगला चालतो. एफ-७च्या नाकाला मात्र फायबरच शोभते.

हे फायबरही जवळपास त्याच काळातले. काचतंतू बनवणारी ओवेन्स-कॉर्निंग कंपनी १९३८ मध्ये उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात या धाग्यांना रेझिनची जोड मिळाली. १९५३ मध्ये शेवरोलेची कॉर्व्हेट मोटार फायबरच्या बॉडीसह बाजारात आली. एफ-७चे उत्पादन थांबले तेही हेच वर्ष.

प्रतिकृतीचे फायबरचे कवच घडवताना सगळ्यात जास्त कष्ट पहिल्या नमुन्याला लागतात. लाकूड, एमडीएफ आणि पोटीन वापरून इंजिनाचा पूर्ण आकार घडवायचा. अलीकडे संगणकावर चालणाऱ्या यंत्राने कापलेला फोम किंवा थ्रीडी प्रिंटही वापरतात. मापे कारखान्याच्या नकाशांवरून आणि संग्रहालयात जपलेल्या इंजिनांवरून घेतात. सॅक्रामेंटोच्या कॅलिफोर्निया स्टेट रेलरोड म्युझियममध्ये सांता फे रेल्वेचे ३४७-सी हे एफ-७ आहे. त्याच्यासमोर टेप घेऊन उभे राहिले की फोटोत न दिसणारे उतार दिसू लागतात. रिव्हेट, पॅनेलचे सांधे, हवेच्या झडपांच्या पट्ट्या हे सारे नमुन्यावरच कोरलेले असते. नमुन्यावर राहिलेला बारीकसा ओरखडाही पुढे प्रत्येक कवचावर उमटतो. म्हणून आठवडेच्या आठवडे घासकाम चालते.

या नमुन्यावरून साचा काढतात. पेणच्या कारखान्यात गणपतीची पहिली मूर्ती जितक्या निगुतीने घडवतात, तितकीच निगा इथे लागते, कारण पुढची प्रत्येक प्रत तिच्यावर अवलंबून असते. कवच साच्यातून सुटावे म्हणून बाजूंना एक-दोन अंशांचा उतार ठेवतात. आकार जिथे आत वळतो तिथे साचा दोन किंवा अधिक भागांत करून बोल्टने जोडतात. साचा चिकटू नये म्हणून नमुन्यावर मेणाचे अनेक हात आणि त्यावर पीव्हीएचा पातळ पापुद्रा देतात. साचाही फायबरचाच, पण कवचाच्या कितीतरी पट जाड. पातळ साचा वाकला की इंजिनही वाकडे निघते.

कवच घालायची वेळ आली की आधी साच्यात जेलकोटचा सुमारे अर्धा मिलिमीटर थर देतात. बाहेरून दिसणारा पृष्ठभाग तोच. तो चिकट असतानाच त्यावर चौरस मीटरला ३०० किंवा ४५० ग्रॅम वजनाची काचधाग्यांची मॅट अंथरून ब्रशने रेझिन मुरवतात. मॅटच्या वजनाच्या दुपटीहून थोडे अधिक रेझिन लागते. मग खाचांचा रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढायचे. हार्डनर साधारण एक-दोन टक्के घालतात. तो पडला की काम आटोपायला वीसेक मिनिटेच हातात असतात. एकदम जाड थर दिला तर रेझिन तापते, आकसते आणि कवच पिळवटते. म्हणून थरावर थर धीराने द्यावे लागतात. हे काम हवेशीर जागी, चष्मा, हातमोजे आणि वाफ रोखणारा मास्क लावूनच करायचे. हार्डनरचा एक थेंब डोळ्याला कायमची इजा करू शकतो. रेझिनला वेग देणारे कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत मिसळले तर स्फोट होतो, हे या कामातल्या प्रत्येकाने आधी शिकायचे असते.

तयार कवच तीन-चार मिलिमीटर जाड आणि एकदोघांना सहज उचलता येईल इतके हलके असते. इथे प्रतिकृती मूळ इंजिनापासून वेगळी होते. खऱ्या एफ-७मध्ये बाजूंचा पोलादी सांगाडाच भार पेलतो. छोट्या इंजिनात सगळा भार खालच्या पोलादी चौकटीवर असतो आणि कवच फक्त रूप देते. याचा फायदा मोठा आहे. बॅटऱ्या आणि पोलाद खाली राहिल्याने गुरुत्वमध्य खाली राहतो आणि अरुंद गेजवर इंजिन कलंडत नाही.

बहुतेक बांधणीत १२ व्होल्टच्या बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट करतात. बोगीतल्या मोटारी साखळीने आस फिरवतात. काही जण पेट्रोल इंजिनावर हायड्रॉलिक पंप चालवतात. बोगी मार्टिन ब्लोमबर्ग यांनी रेखलेल्या मूळ बोगीसारखी दिसावी लागते. शिवाय चारही चाके ओबडधोबड रुळांवर टेकलेली राहतील इतकी लवचीकही असावी लागते. पोलादावर पोलादाची पकड वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकी धरली, तर २०० किलोचे इंजिन ४० किलोची ओढ देते. सपाट रुळांवर गाडीचा विरोध वजनाच्या एक टक्का धरला तर एवढ्यावर चार टनांची गाडी हलते. पन्नासात एकचा चढ लागला की तीच मर्यादा सव्वा टनाच्या आसपास येते. चालक हे गणित रोज जगतात.

अशा गाड्यांची सर्वांत मोठी भूमी म्हणजे ओरेगॉनमधील चिलोक्विनजवळचे ट्रेन माउंटन. तिथे साडेसात इंची गेजचा ३६ मैलांहून अधिक लोहमार्ग आहे आणि गिनीज बुकाने त्याची नोंद घेतली आहे. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये अशा गाड्या चालवणाऱ्या लाइव्ह स्टीमर्सची १९५६ मध्ये स्थापन झालेली संस्था आहे. वॉल्ट डिस्ने यांच्या घरामागच्या छोट्या रेल्वेची लाकडी कोठी आता तिच्या आवारात उभी आहे.

आपल्याकडच्या इंजिनांना हे गणित लावले तर वेगळेच चित्र दिसते. १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजवरचे डब्ल्यूडीएम-२ सव्वासात इंची रुळांवर आणायचे तर ते नवव्या हिश्शाचे करावे लागेल. माथेरानच्या वाटेवर धावलेले, जर्मनीच्या युंग कंपनीचे एनडीएम-१ हे डिझेल इंजिन ६१० मिलिमीटर गेजचे. त्याच रुळांवर ते जवळजवळ तिसऱ्या हिश्शाचे होईल. आणि असे कवच घडवायला कोकणच्या किनाऱ्यावर फायबरच्या होड्या घडवणारे हात आहेत. मॅट, रेझिन, रोलर आणि साचा ही त्यांची रोजची हत्यारे आहेत.

मूळ एफ-७ची बहुतेक इंजिने केव्हाच भंगारात गेली. त्यांचे नाक नेमके कसे वळत होते, हे आज जपलेल्या मोजक्या इंजिनांइतकेच या साच्यांतही टिकून आहे. एका कारागिराने एकदा प्रामाणिकपणे घेतलेल्या मापावरून पुढे कितीतरी जणांना आपले इंजिन घडवता येते. माथेरानच्या इंजिनाचीही मापे कुणीतरी अशीच मन लावून घ्यावीत आणि त्यांचा पहिला साचा महाराष्ट्रातच तयार व्हावा. त्यासाठी लागणारे कौशल्य इथे आधीपासूनच आहे.