एक किलो गहू आणि बेंगळुरूची गच्ची

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसमधून घरी आले, तर किचनच्या सिंकखाली एक प्लंबर डोकं घालून बसला होता आणि माझ्या दोघी रूममेट्स नाकाला ओढणी लावून त्याच्यामागे उभ्या होत्या.

‘‘ड्रेनेज तुंबलंय बहुतेक. कालपासून वास येतोय,’’ कोइमतूरची म्हणाली.

प्लंबरने पाइप काढला, टॉर्च मारला, मान हलवली. सगळं स्वच्छ होतं. मग मी ओट्याखालचं मोठं पातेलं हळूच बाहेर ओढलं आणि झाकण उघडून म्हटलं, ‘‘वास याचा आहे.’’ प्लंबर दोन पावलं मागे सरकला. त्याचे आल्याचे २०० रुपये मी दिले. माझ्या कुरडयांचा तो पहिला खर्च.

ज्यांच्या घरी कुरडया होतात त्यांना हा वास नव्याने सांगायला नको. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं आणि तिसऱ्या दिवशी घरात जो आंबूस दर्प पसरतो त्याबद्दल कुणी काही बोलायचं नाही, कारण पुढे काय मिळणार आहे ते सगळ्यांना माहीत असतं. पण हे बेंगळुरूमधल्या तीन मुलींच्या फ्लॅटमध्ये कसं समजावून सांगायचं?

खरं तर मी या भानगडीत पडायचं काहीच कारण नव्हतं. मी कंटेंट लिहिते. बी.ए. इंग्रजी साहित्यात केलं. आत्तापर्यंत ‘आजीच्या हातची चव’ हे शब्द मी निदान चाळीस लेखांत वापरले असतील. गेल्या उन्हाळ्यात वाळवणांवर एक लेखही लिहिला होता, ‘घरच्या घरी करा कुरकुरीत कुरडया’ असा. तो लिहिताना मी एसीत बसून चिप्स खात होते. आयुष्यात एकही कुरडई घातलेली नव्हती. तळलेल्या मात्र भरपूर खाल्ल्या होत्या, कारण दर वर्षी जळगावहून आई एक पत्र्याचा डबा भरून पाठवायची. कधी बसने, कधी येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाबरोबर.

या वर्षी डबा आला नाही. जानेवारीत आई अंगणात पाय घसरून पडली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण हातात पूर्वीसारखा जोर नाही. रबरी चेंडू दाबण्याचा व्यायाम चालू आहे. पोळ्या लाटायला बाई येते. यातल्या कशाबद्दलही आई फोनवर तक्रार करत नाही. मार्चमध्ये मी सहज विचारलं, ‘‘या वर्षी वाळवणांचं काय?’’ तर म्हणाली, ‘‘आता सगळं विकत मिळतं की. एवढं काय त्यात.’’

वाक्य साधंच होतं, पण आमच्या घरात ते कधी कुणी उच्चारलेलं नव्हतं. विकतच्या कुरडयांबद्दल आईचं मत काय आहे ते आमच्या सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. आणि आखाजी जवळ आली होती.

खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. इतर ठिकाणी त्या दिवशी सोनं घेतात. आमच्याकडे तो लेकी माहेरी येण्याचा सण असतो. झाडाला झोके बांधतात, पितरांच्या नावाने घागर भरतात आणि नैवेद्याच्या पानात आमरस, पुरणाचं काहीतरी आणि वर एक तळलेली कुरडई असते. ती आजवर घरचीच असायची. मी स्वतः चार वर्षांत आखाजीला घरी गेले नव्हते. दर वर्षी काहीतरी डेडलाइन असायची.

म्हणून बुधवारी सकाळी मी एक किलो गहू भिजत घातले. आईला सांगितलं नाही. शुक्रवारच्या प्लंबर प्रकरणानंतर मात्र सांगावंच लागलं, कारण पुढे काय करायचं ते मला माझ्याच लेखात सापडेना. मी लिहिलं होतं, ‘नंतर गहू वाटून त्याचा चीक काढून घ्यावा.’ कसा काढावा, किती पाण्यात, कशाने गाळावा, काही नाही. असे लेख लिहिणाऱ्यांना खरं तर शिक्षा व्हायला हवी.

व्हिडिओ कॉलवर आईने आधी माझ्याकडे आणि मग पातेल्याकडे पाहिलं. ‘‘लोकवन घेतलास ना? दाणा चिमटीत दाबून दाखव.’’ मी दाबला. आतून पांढरं दूध बाहेर आलं. ‘‘बरोबर,’’ ती म्हणाली आणि उठून चष्मा घेऊन आली. तीन महिन्यांत पहिल्यांदाच ती फोनवर स्वतःहून इतकी पुढे सरकून बसली होती.

शनिवार वाटण्यात गेला. मिक्सर तीनदा तापून बंद पडला. वाटलेले गहू पंचात घालून पिळायचे, पुन्हा पाणी घालून पुन्हा पिळायचे. पहिल्या अर्ध्या तासात मनगटं भरून आली आणि आईच्या हाताचं नेमकं काय झालंय ते मला तेव्हा जरा कळलं. ती मात्र पलीकडून सांगत होती, ‘‘चोथा टाकू नको, त्याच्या भुसवड्या होतात.’’ मी टाकला. हे तिला अजून माहीत नाही. (आई, वाचत असशील तर सॉरी.)

गाळलेलं दूध रात्रभर ठेवायचं. सकाळी गव्हाचं सत्त्व तळाशी बसतं आणि वर पिवळसर पाणी तरंगतं. ते पाणी अलगद ओतून दिलं की खाली उरतो तो घट्ट, पांढराशुभ्र चीक. रविवारी पहाटे साडेपाचला ते पाणी ओतताना मी श्वास रोखून धरला होता. तळाशी खरंच चीक होता. इतका आनंद मला पहिल्या पगारालाही झाला नव्हता.

पण खरी परीक्षा शिजवण्यात असते. जेवढा चीक तेवढंच पाणी उकळायचं, त्यात मीठ आणि हिंग, आणि मग चीक बारीक धारेने सोडत लाटण्याने सतत हाटायचं. हात थांबला की गुठळी झालीच. माझा थांबला, कारण फोन घसरून तेलाच्या बरणीवर पडला. ‘‘फोन मरू दे, हाट!’’ आई ओरडली. तोपर्यंत कोलकात्याची रूममेट झोपेतून उठून आली, तिने काही न विचारता दुसरं लाटणं उचललं आणि आम्ही दोघी दोन बाजूंनी हाटायला लागलो. थोड्या वेळाने पांढरा रंग गेला आणि चीक काचेसारखा चमकायला लागला. ओलं बोट लावलं तर चिकटला नाही. झाला!

पहिली वाटी आम्ही तिघींनी दूध-साखर घालून खाल्ली. लहानपणी गल्लीत ज्यांच्याकडे कुरडया असत त्यांच्याकडून घरोघर चिकाची वाटी जायची. आज एकीकडे, उद्या दुसरीकडे असं करत सगळ्या बायका मिळून सगळ्यांची वाळवणं उरकायच्या. आम्हा मुलांना खाटेवरच्या जुन्या साडीवर वाळणाऱ्या कुरडया राखायला काठी देऊन बसवायचे. कावळ्यांनी जेवढ्या नेल्या असतील त्याच्या दुप्पट आम्हीच अर्धवट वाळलेल्या खाऊन टाकायचो. कोइमतूरची म्हणाली, तिच्या पाटीनेही, म्हणजे आजीने, तिला वडाम राखायला असंच गच्चीवर बसवलं होतं. आणि कोलकात्याचीने तिच्या पूर्व मेदिनीपूरच्या मावशीच्या घरच्या ‘गयना बडी’चा फोटो दाखवला. उडदाच्या डाळीच्या, खसखशीवर घातलेल्या आणि दागिन्यांसारखी नक्षी असलेल्या बड्या. मात्र त्या थंडीत करतात. मी तो फोटो बघतच राहिले. तळायच्या वस्तूला कुणी इतकं सजवतं?

गच्चीवर आणखी एक पंचाईत झाली. किल्ली तळमजल्यावरच्या मालकीणबाईंकडे असते आणि गच्चीवर कपडे सोडून काहीही वाळत घालायचं नाही असा त्यांचा नियम. आंटी मूळच्या म्हैसूरच्या. मी मोडक्या कन्नडमध्ये, मग हिंदीत, शेवटी हातवारे करून सांगत होते. त्यांनी पातेल्यात वाकून पाहिलं आणि विचारलं, ‘‘संडिगे?’’

आपण सांडगे म्हणतो, त्या संडिगे म्हणतात. त्यांच्याकडे साळीच्या लाह्या आणि कोहळा घालून ‘अरळू संडिगे’ करतात आणि ताकात मुरवून वाळवलेल्या मिरच्याही, आपल्या सांडग्या मिरचीच्या सख्ख्या बहिणी. आंटींनी नियमाबद्दल चकार शब्द न काढता किल्ली घेतली, कमरेला पदर खोचला आणि माझ्याआधी जिना चढल्या.

सोऱ्या मी ऑनलाइन मागवला होता, स्टीलचा. आईचा पितळी आहे, तिच्या सासूच्या वेळचा. चीक गरम असतानाच घालायला लागतो, गार झाला की सोऱ्या फिरत नाही. माझ्या पहिल्या कुरडया बघून आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘हे काय, खेकडे घातलेस का?’’ आंटींना भाषा कळली नाही, पण सूर कळला असावा. त्यांनी माझ्या हातातून सोऱ्या घेतला आणि मनगट जरासं फिरवत सहा कुरडया अशा घातल्या की चांदीची नाणी मांडल्यासारख्या. फोनच्या पडद्यावरून आई आणि गच्चीवरून आंटी एकमेकींकडे बघून हसल्या. पुढचा अर्धा तास त्या दोघी हिंदीत बोलत होत्या. आईचं हिंदी जळगावी, आंटींचं म्हैसुरी. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. एकूण ४१ कुरडया झाल्या.

ऊन, ढग आणि धावपळ

जळगावला एप्रिलमध्ये पारा ४२-४३च्या पुढे जातो. त्या उन्हात सकाळी घातलेली कुरडई संध्याकाळी उलटावी लागते आणि दोन दिवसांत खडखडीत वाळते. बेंगळुरूचं ऊन सभ्य आहे. फोटोला चांगलं, वाळवणाला कुचकामी. त्यात या दिवसांत इथे आम्रसरी येतात, आंब्याला उपकारक म्हणून ज्यांचं कौतुक होतं त्याच. सोमवारी दुपारी सव्वातीनला मी मीटिंगमध्ये असताना खिडकीबाहेर अंधारून आलं. एका कंपनीच्या गादीच्या जाहिरातीवर चर्चा चालली होती आणि माझ्या डोळ्यांसमोर फक्त गच्चीवरचं प्लास्टिक. वर्क फ्रॉम होम असलेल्या रूममेटला मेसेज टाकला: ‘कुरडया!!!’

संध्याकाळी घरी आले तेव्हा कुरडया आंटींच्या दिवाणखान्यात पंख्याखाली होत्या. सोफ्यावर, टीपॉयवर, टीव्हीच्या टेबलावर. पाच-सहा ओल्या होऊन गेल्या होत्या. बाकीच्या वाचल्या. पूर्ण वाळायला शेवटी चार दिवस लागले आणि आई रोज विचारायची, ‘‘मोडून बघ, कट्ट आवाज येतो का?’’ ओल राहिली तर डब्यात बुरशी धरते. मात्र कितीही वाळली तरी कुरडईत थोडासा ओलावा उरतोच, आणि तोच कडकडीत तेलात वाफ होऊन तिला फुलवतो. हे वाचल्यापासून मला तळणं बघायला जास्तच मजा येते.

मधल्या काळात आईचं ‘विकत मिळतं’ माझ्या डोक्यातून जात नव्हतं. विकत घेण्यात वाईट काय आहे? लिज्जत पापडाची सुरुवातही एका गच्चीवरच झाली होती. १९५९ साली गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उधार घेऊन पहिले पापड लाटले. त्यांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. आज कितीतरी घरं बचत गटांच्या वाळवणांवर चालतात. मीही पुढे विकत घेईनच, रोज कोण पहाटे उठणार आहे? पण आईच्या त्या वाक्यात पापड-कुरडयांपेक्षा तिचा हात जास्त होता, असं मला वाटतं. तिला मी हे विचारलेलं नाही. आमच्याकडे अशा गोष्टी विचारत नाहीत, मीठ किती घातलं ते विचारतात.

या वेळी डेडलाइन होतीच. मी रजा टाकली. स्लीपरच्या वरच्या बर्थवर डबा पोटाशी धरून झोपले, तरी जळगावला पोहोचेपर्यंत ४१ वजा वाहून गेलेल्या वजा रूममेट्सना तळून दिलेल्या वजा प्रवासात मोडलेल्या, असा हिशेब होऊन धड अशा सतरा उरल्या होत्या. शिवाय आंटींनी दिलेली ताकातल्या मिरच्यांची पुडी.

आखाजीच्या सकाळी आईने डबा उघडून एकेक कुरडई डाव्या हाताने ताटात काढली. एक उचलून उजेडात धरली. गोल, एकसारखी, कुठेही तुटलेली नाही.

‘‘ही तुझी नाही,’’ ती म्हणाली.

‘‘नाही. आंटींची आहे.’’

‘‘मग तुझी कुठली?’’

मी शोधून एक काढली. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला दोन तारा सुटलेल्या. खेकडाच. आईने ती नैवेद्यासाठी बाजूला ठेवली, कढईत तेल ओतलं आणि म्हणाली, ‘‘हिंग कमी पडलाय तुझा, वासावरून कळतं.’’ बाबा तोपर्यंत स्वयंपाकघरात दोन चकरा मारून गेले होते. त्यांना विचारायचं होतं की त्या म्हैसूरच्या मिरच्या आत्ताच तळणार की जेवताना.