पाटीवरून गळालेला ‘अ’

गावाकडे गेलात तर एक पाटी जरूर वाचा. ग्रामपंचायतीच्या शेजारी किंवा चावडीजवळ लोखंडी दाराची एक बुटकी इमारत असते. आत दोन कपाटं, एक तिजोरी, लाल फडक्यात बांधलेली दप्तरं. मार्च महिना असेल तर ‘नवं-जुनं’ करायला, म्हणजे जुनं पीककर्ज भरून नवं घ्यायला, आलेल्या शेतकऱ्यांची गर्दी आणि त्यांच्यामध्ये बुडून गेलेले गटसचिव. बाहेर पाटी: अमुक अमुक विविध कार्यकारी सहकारी सेवा सोसायटी मर्यादित.

ही पाटी आपण इतक्यांदा पाहिलेली असते, की शेवटचा शब्द कुणी वाचतच नाही. मर्यादित. मर्यादा कशाची? सोसायटी उद्या बुडाली तर सभासदाच्या अंगावर किती येणार, त्याची. त्यानं घेतलेल्या शेअरांपुरतंच नुकसान, बस्स. त्यापुढे त्याच्या गोठ्याला किंवा घराला कुणी हात लावणार नाही.

आता गंमत ऐका. ज्या कल्पनेच्या पोटी ही सोसायटी जन्मली, तिचा सगळा जीव याच्या बरोबर उलट्या शब्दात होता. अमर्यादित! म्हणजे एकानं बुडवलं तर ते बाकी सगळ्यांनी भरायचं, प्रसंगी स्वतःची गाय विकून. असल्या मंडळात कोण शहाणा सही करेल? पण हजारो गरिबांनी केली, आणि ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं त्यांना स्वस्तात कर्ज मिळालं. एका अक्षरात एवढी ताकद आली कुठून?

त्यासाठी १८४६-४७ च्या हिवाळ्यात जर्मनीला जाऊ. ऱ्हाईन नदीच्या पूर्वेला वेस्टरवाल्ड नावाचा डोंगराळ मुलूख आहे. थंडी कडाक्याची, जमीन हलकी. त्या वर्षी बटाट्यावर रोग पडलेला, धान्यही गेलेलं. तिथल्या वायरबुश गावी राहून बावीस गावांचा कारभार पाहणारा मेयर होता अठ्ठावीस वर्षांचा: फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन. पूर्वी तोफखान्यात होता, पण डोळे अधू झाले आणि सैन्य सोडावं लागलं.

सरकारनं भुकेल्यांसाठी पीठ पाठवलं. सोबत हुकूम: रोख पैसे घेऊनच विकायचं. रोख पैसे असते तर माणसं उपाशी कशाला राहिली असती? रायफायझेननं हुकूम बाजूला ठेवला. खात्यापित्या घरांकडून पैसे उभे केले, गावासाठी सामायिक भट्टी बांधली आणि बाजारभावाच्या सुमारे निम्म्या दरात पाव द्यायला सुरुवात केली. हातात पैसे नसतील त्यांना उधार.

रायफायझेन श्रद्धाळू प्रोटेस्टंट ख्रिस्ती होता. भुकेल्यासाठी जे कराल ते देवासाठी केलंत, ही शिकवण त्यानं चर्चच्या बाकावर ठेवली नाही, भट्टीपर्यंत आणली. पण पावानं हिवाळा निघतो, गरिबी निघत नाही. गरिबी गोठ्यात बांधलेली होती.

तो गोठा जरा जवळून पाहू. आपल्याकडे जनावर अर्धलीनं सांभाळायला देतात ना, तसाच काहीसा प्रकार तिथे होता. गाय व्यापाऱ्याची, गोठा शेतकऱ्याचा. चारा शेतकऱ्यानं घालायचा, शेण त्यानंच काढायचं, आणि वासरू झालं की त्यात वाटा व्यापाऱ्याचा. वर्षानुवर्षं गाय दारात, पण स्वतःची कधीच नाही. गाय विकत घ्यायला कर्ज हवं, कर्जाला तारण हवं, आणि तारण म्हणजे काय? तर गाय! हे कुलूप उघडायचं कसं?

१८४९ मध्ये फ्लामर्सफेल्ड गावी रायफायझेननं पहिली किल्ली लावून पाहिली. सुमारे साठ सधन माणसं जामीन राहिली, त्यांच्या पतीवर पैसे आले, गायी घेतल्या गेल्या आणि गरिबांना पाच वर्षांच्या हप्त्यांनी मिळाल्या. किल्ली फिरली. पुढे हेडेसडोर्फला १८५४ मध्ये याहून मोठं मंडळ उभं राहिलं. त्यात अनाथ मुलांची सोय होती, तुरुंगातून सुटलेल्यांना आधार होता आणि कर्जही होतं.

पण धर्मादाय कामाचं जे होतं तेच इथे झालं. देणाऱ्यांचा उत्साह आटू लागला. आपल्याला ज्याचा कधीच उपयोग नाही अशा मंडळासाठी घरदार किती वर्षं पणाला लावायचं? अखेर १८६४ मध्ये हेडेसडोर्फच्या मंडळाची फेररचना झाली. आता जामीन राहायचं ते कर्ज घेणाऱ्यांनीच, एकमेकांना. श्रीमंतांच्या दयेवर भिस्त ठेवणाऱ्या रायफायझेनला हे पचायला वेळ लागला. आणि नेमका इथेच चमत्कार घडला.

कफल्लक माणसानं कफल्लक माणसाला जामीन राहायचं, यात कसला आलाय चमत्कार? शून्यात शून्य मिळवून शून्यच ना?

थांबा. सावकार गरिबाला जबर व्याज का लावतो? लोभ असतोच, पण तेवढंच नसतं. कोण फेडेल आणि कोण तोंड चुकवेल, हे त्याला नक्की ठाऊक नसतं. म्हणून बुडवणाऱ्याचे पैसे तो फेडणाऱ्याकडून वसूल करतो. शहरातल्या बँकेचं तर विचारूच नका. एवढ्याशा कर्जासाठी खेड्यात माणूस पाठवून चौकशी करायची, तर चौकशीचा खर्च व्याजाहून जास्त.

आणि हीच माहिती गावात फुकट पडलेली असते! पारावर, पाणवठ्यावर, दळणाच्या रांगेत. कोण पहाटे शेतावर असतो, कुणाच्या घरी रात्री उशिरापर्यंत दिवा जळतो आणि तो पत्त्यांसाठी जळतो की कामासाठी, हे शेजाऱ्याइतकं कुणाला ठाऊक असतं? बँकेला लाख रुपये मोजून मिळणार नाही असा हा खजिना. फक्त त्याला आजवर कुणी तिजोरीत ठेवलं नव्हतं.

ते काम केलं ‘अ’ नं. तुमच्या चुकीनं माझी गाय जाणार असेल, तर तुम्हाला सभासद करून घेण्यापूर्वी मी दहादा विचार करीन. कर्ज गायीसाठी घेतलंत तर गाय आली का, हे गोठ्यात डोकावून पाहीन. तुम्ही आजारी पडलात तर तुमची पेरणी हुकू नये म्हणून मदतीलाही येईन, कारण तुमची पेरणी हुकली की माझा हप्ता वाढला! दहीहंडीचा थर आठवा. एकाचा गुडघा वाकला की सगळे खाली. म्हणूनच कुणाच्या खांद्यावर कोण, हे तिथे इतकं पारखून ठरतं.

मग बाहेरच्या ठेवीदाराला काय दिसतं? एक गरीब नाही, एकमेकांवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवणारी सगळी कुटुंबं दिसतात. तो निर्धास्तपणे, कमी व्याजात पैसे ठेवतो. गावातल्या गप्पांचं तारण झालं! आज अर्थशास्त्रज्ञ याला सामूहिक हमी, परस्परांची देखरेख अशी भारदस्त नावं देतात.

एक चाक फिरलं की बाकीची आपोआप जुळत गेली. मंडळ केवढं असावं? सगळे सगळ्यांना ओळखतील एवढंच, म्हणजे साधारण एका चर्चच्या परिसराएवढं. कर्ज किती काळाचं? त्याच वेळी शहरातल्या कारागिरांसाठी पतसंस्था काढणारा हेरमान शुल्त्से-डेलिच थोड्या मुदतीच्या कर्जाचा आग्रह धरत होता, आणि दुकानदाराला ते ठीकच. पण गाय काही तीन महिन्यांत पैसे फिरवत नाही! म्हणून रायफायझेनकडे मुदत वर्षांची.

नफ्याचं काय? इथे तर कमालच आहे. नफा वाटायचाच नाही. तो एका राखीव निधीत जायचा आणि त्या निधीवर कुणा सभासदाचा वैयक्तिक हक्क नाही, मंडळ मोडलं तरी नाही. देवस्थानच्या इनाम जमिनीसारखं समजा: सगळ्यांची, म्हणून कुणाचीच नाही. मंडळ मोडून चार पैसे खिशात घालावेत, असा मोह कुठल्याच पिढीला होऊ नये याची ही तजवीज.

आणि हे सगळं चालवायचं कुणी? पगार फक्त हिशेबनिसाला. बाकी पदाधिकारी बिनपगारी. इथे श्रद्धा थेट ताळेबंदात उतरते. रविवारी प्रार्थना सांगणारा पाद्री किंवा गावचा शाळामास्तर, ही गावातली लिहिती-वाचती माणसं संध्याकाळी मंडळाचं दप्तर उघडून बसत. ते सेवा म्हणून बसत, म्हणून खर्च नगण्य आणि म्हणून व्याज कमी. भक्तीचं रूपांतर व्याजदरात झाल्याचं आणखी कुठे पाहिलंत?

त्यांच्याबरोबर बसून शेतकरी काय शिकला? जमा कुठे, नावे कुठे. आपल्याच गावचा ताळेबंद वाचायला शिकला. खत आणि बियाणं एकत्र घेतलं तर स्वस्त पडतं, हे शिकला. कर्ज फिटतं आणि संपतं. हे शिक्षण घरात राहतं.

१८६६ मध्ये रायफायझेननं हा सगळा अनुभव पुस्तकात मांडला. तोवर नजर इतकी गेली होती, की वाचनालेखनाला मुलगी अमाली हिचा आधार घ्यावा लागे. ज्याला समोरचा कागद दिसत नव्हता, त्याला गरिबाची पत दिसली.

पण त्याला सगळंच स्वच्छ दिसलं असं नाही. त्याच्या नंतरच्या लिखाणात ज्यूंविषयीचा कडवट पूर्वग्रह आहे. आणि इतिहासाचा खट्याळपणा बघा: १८८३ मध्ये पादुआजवळच्या लोरेज्जा गावी ही कल्पना इटलीत रुजवली ती लेओने वोलेमबोर्ग नावाच्या चोवीस वर्षांच्या ज्यू तरुणानं. मग कॅथलिक पाद्र्यांनी ती उचलली आणि खेडोपाडी नेली. नेदरलँड्समधल्या राबोबँकेच्या नावातला ‘रा’ म्हणजे रायफायझेनच.

आता नजर आपल्याकडे वळवा. १२ मे १८७५, पुणे जिल्ह्यातलं सुपे, बाजाराचा दिवस. कर्जानं पिचलेले शेतकरी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेले. रोख माणसांपेक्षा कागदांवर होता: खतं, रोखे, वह्या. त्यांची होळी झाली. पण कागद जाळला तरी पुढच्या पेरणीला पैसा लागतोच, आणि तो पुन्हा त्याच दारात मिळतो.

असल्या कर्जबाजारीपणावर उपाय शोधायला मद्रास सरकारनं फ्रेडरिक निकोलसन या अधिकाऱ्याला युरोपातल्या पतसंस्था अभ्यासायला लावलं. त्याचा अहवाल १८९५ आणि १८९७ असा दोन भागांत आला. सार एवढंच: इथेही एखादा रायफायझेन शोधून काढा. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. किमान दहा माणसं हवीत आणि गावच्या संस्थेत जबाबदारी, अर्थात, अमर्यादित! वेस्टरवाल्डचा ‘अ’ समुद्र ओलांडून आला. १९०५ मध्ये तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, गदगजवळच्या कणगिनहाळ गावी पहिली शेतकी पतसंस्था निघाली.

रांचीकडे तर ही कल्पना पुन्हा श्रद्धेचा हात धरून आली. मुंडा आदिवासींमध्ये काम करणारे जर्मन जेझुइट पाद्री योहान हॉफमन यांनी १९०९ मध्ये छोटानागपूर कॅथलिक मिशनची सहकारी पतसंस्था काढली. आदिवासींच्या जमिनी वाचवायच्या तर कायदा हवाच, पण हातात पैसाही हवा, हे त्यांनी ओळखलं होतं. महायुद्ध पेटलं आणि १९१५ मध्ये, जर्मन म्हणून, त्यांना हा देश सोडावा लागला.

मग आपल्या पाटीवरचा ‘अ’ गळाला कसा? ज्याच्याकडे चार एकर बागायत आहे, तो अमर्यादित जबाबदारीच्या मंडळात का येईल? दुसऱ्यांची थकबाकी पहिली त्याच्याच सातबाऱ्यावर येणार! शिवाय अनेक ठिकाणी पैसा गावच्या ठेवींतून न येता वरून येऊ लागला. पैसा शेजाऱ्याचा असेल तर माणूस लाजतो. वरून आलेल्या पैशाची लाज कुणाला? १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत दिसलं, की शेतकऱ्यांच्या कर्जात सहकाराचा वाटा जेमतेम ३.१ टक्के. पाहणी समितीनं १९५४ मध्ये सुचवलं: संस्था मोठ्या करा, सरकारनं भागीदार व्हावं, जबाबदारी मर्यादित ठेवा. संस्था वाढल्या, कर्ज वाढलं. पण गोठ्यात डोकावणारा शेजारी गेला.

त्या शेजाऱ्याचे फार गोडवे गाणंही बरं नव्हे. तोच शेजारी सर्वांत गरिबाला, दारुड्याच्या बायकोला, गावकुसाबाहेरच्याला ‘हा आपल्यात नको’ म्हणूही शकतो. ज्याला पारखता येतं, त्याला वगळताही येतं.

मग तो ‘अ’ कायमचा हरवला का? पुढच्या वेळी गावी गेलात की सोसायटीवरून थोडं पुढे चला. एखाद्या घराच्या पडवीत सतरंजीवर दहा-पंधरा बायका बसलेल्या दिसतील. मध्ये पत्र्याची पेटी, एकीच्या मांडीवर वही. एक जण शेळीसाठी कर्ज मागतेय. बाकीच्या विचारताहेत: मागची शेळी काय झाली गं? पिल्लं किती दिली? चारा कोण आणणार, तू की सासूबाई? १९९२ मध्ये नाबार्डनं बचत गट बँकांशी जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून असल्या प्रश्नांच्या भरवशावर बँका तारणाशिवाय कर्ज देत आल्या आहेत.

त्या पडवीवर पाटी नसते. त्यामुळे शेवटचा शब्द मर्यादित की अमर्यादित, हे वाचता येत नाही. पण शेळीवरची ती उलटतपासणी दोन मिनिटं कान देऊन ऐका, कळेल.